‘शनिवार तेली’ म्हणजे कोण?

प्रश्न : माझी आजी अलिबागकडची. तिच्या वहीत शेजाऱ्यांचा उल्लेख ‘शनिवार तेली’ असा आहे. शनीला वाहिलेलं तेल गोळा करणारे ते हेच का? इथे आमचे शेजारी साहू, म्हणजे तेली समाजाचे. त्यांच्यासमोर हा शब्द वाचावा का?
– एक वाचक, नंदिनी नगर, भिलाई

उत्तर : शनिमहाराजांचा इथे काही संबंध नाही. आजींचे शेजारी बहुधा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावजवळ गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे ते तेलाचा घाणा चालवू लागले. शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सोडायचे, ते शनिवारी रात्रीपर्यंत जुंपायचे नाहीत. सातव्या दिवशी माणसाने आणि जनावरानेही विसावा घ्यावा, ही बायबलमधल्या ‘निर्गम’ ग्रंथातली आज्ञा. गावाला ती ठाऊक नव्हती. दिसायचा तो बंद घाणा. त्यावरून नाव पडलं.

नाव मुळात शिवी नव्हे. पण त्यात जातीच्या उतरंडीतली खालची पायरी दाखवली जाई, म्हणून ते बोचायचं. स्वतःला ते बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची संतती, म्हणवतात. आडनावं मात्र आपलीच: पेणकर, रोहेकर, किहीमकर.

वहीतला शब्द खोडू नका, शेजारी पेन्सिलीने अर्थ लिहा. साहूंना खुशाल वाचून दाखवा, घाण्याची गोष्ट त्यांना आवडेल. फक्त कुणा ज्यू माणसाला या नावाने हाक मारू नका.