कुऱ्हाडीचा दांडा

सुनन अबू दाऊदमध्ये ह. अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. त्याच्या घरात एक जाडेभरडे पांघरूण आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच शिल्लक होते. प्रेषितांनी (स.) त्या वस्तूंचा लिलाव केला व दोन दिरहम त्याच्या हाती ठेवले. एका दिरहमचे अन्न घेऊन घरी पोहोचवण्यास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणण्यास सांगितले. कुऱ्हाड आल्यावर तिला स्वतःच्या हातांनी दांडा बसवून दिला. पंधरा दिवस लाकडे तोडून विकल्यावर तो गृहस्थ परतला, तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते.

मराठीत कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ठरतो. येथे त्याच दांड्याने एक घर सावरले. मात्र व्याख्यानांत आपण कुऱ्हाडीविषयी बोलतो आणि पहिला दिरहम विसरतो. अगोदर घरच्यांच्या पोटाची सोय झाली, मगच कष्टाचा आदेश आला.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. गणित व इंग्रजीत नापास झालेला मुलगा गॅरेजमध्ये जातो. वडील आजारी पडले म्हणून नववीतून निघालेला बेकरीत लागतो. ‘बाळा, शीक’ असे त्याला सगळेच सांगतात. पण त्याच्या रोजावर घरची चूल पेटते. परीक्षेचे शुल्क कोणीही भरील. अभ्यासाच्या महिन्यांत बुडणारा रोज कोण भरून देणार, हा खरा प्रश्न आहे. तो न सुटल्यास मुलगा तिशीतही त्याच मजुरीवर राहतो, आणि पुढे त्याचा मुलगाही.

मार्ग बंद झालेले नसतात. दहावीला एक-दोन विषय राहिले असतील, तर तेवढेच विषय पुन्हा देता येतात. शाळाच सोडली असेल, तर वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यास राज्य मंडळाचा फॉर्म १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. हिफ्जसाठी लहानपणी शाळा सोडलेल्यांनाही हाच मार्ग आहे. प्रस्तुत लेखकाने मदरशातून बाहेर पडल्यावर दहावी याच मार्गाने दिली. ज्याला नोकरी सोडता येत नाही, त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था अधिक सोयीची आहे. नोंदणी ५ वर्षे टिकते, वर्षातून दोनदा परीक्षा होते, विषय एकेक करून सोडवता येतात, आणि माध्यम मराठी वा उर्दूही घेता येते. लग्न ठरले म्हणून घरी बसवलेल्या मुलींनाही ही दारे तितकीच खुली आहेत. ज्ञान मिळवण्याच्या कर्तव्यातून त्यांना कोणीही वगळलेले नाही.

आणि पहिला दिरहम? त्यासाठी जकात आहे. रमजानमध्ये एकाच दारी चार-चार रेशनचे किट पोहोचतात आणि ईदनंतर तेथे कोणी फिरकत नाही. त्यातील काही रक्कम एका मुलाच्या बुडालेल्या रोजासाठी राखता येईल. येथे काही मसाइल ध्यानी घ्यावेत. हनफी मतानुसार जकात अदा होण्यासाठी गरजूला रकमेचा मालक बनवावे लागते. मुलगा बालिग व गरीब असेल, तर ती त्याच्या हाती द्यावी. नाबालिग असेल, तर पालकाच्या हाती, आणि अशा वेळी वडील साहिबे-निसाब नसावेत. शिकवणाऱ्याचे मानधन किंवा वर्गाचे भाडे यांवर जकात खर्चता येत नाही. त्यासाठी नफ्ल सदका काढावा. (कोकणातील शाफई बांधवांनी तपशील आपल्या आलिमांकडून विचारून घ्यावा.) एकदा दिलेली जकात परत मागता येत नाही, मुलाने अभ्यास सोडला तरीही. म्हणून एकरकमी न देता दरमहा द्यावी. साहिबे-निसाब व्यक्तीला वर्ष पूर्ण होण्याआधीही जकात आगाऊ देता येते, त्यामुळे यात अडचण नाही.

आणि ही जकात आहे, असे मुलाला सांगण्याची गरज नाही. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. भेट म्हणून द्या, पुस्तकांसाठी म्हणा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा स्वाभिमान फार नाजूक असतो. फॉर्म १७ची मुदत मात्र परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते. तेव्हा शाळा सुरू होताच, जूनमध्येच, जवळच्या माध्यमिक शाळेत चौकशी करावी आणि जाताना त्या मुलाला सोबत न्यावे.