सूक्ष्म शंख आणि नव्या जातीचे वर्णन

भरतीचे पाणी मागे सरले की ओल्या वाळूवर शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची एक रेघ उरते. किनाऱ्यावर फिरणारा मनुष्य तीतून एखादी कवडी उचलतो आणि पुढे जातो. तोच चुरा गोड्या पाण्याने धुऊन वाळवला, बारीक चाळणीने चाळला आणि भिंगाखाली पसरला, तर वाळूच्या कणांत एक ते पाच मिलिमीटर लांबीचे शंख दिसू लागतात. ओल्या कुंचल्याच्या टोकाने ते एकेक करून वेचावे लागतात. ही मोठ्या शंखांची पिले असावीत असे प्रथम वाटते. परंतु त्यांतील पुष्कळशा जातींच्या गोगलगाई पूर्ण वाढ झाल्यावरही एवढ्याच असतात.

पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर कूमाक येथे 295 चौरस किलोमीटर क्षेत्राचा कसून शोध घेण्यात आला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तेथे मृदुकाय प्राण्यांच्या 2,738 जाती आढळल्या. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जाती पूर्ण वाढ होऊनही 4.1 मिलिमीटरपेक्षा लहान होत्या. पाचांतील एका जातीचा अवघा एकच नमुना हाती आला, आणि 28.5 टक्के जातींचे केवळ रिकामे कवच मिळाले, जिवंत प्राणी मिळालाच नाही. अशा वेळी निव्वळ कवचावरून नव्या जातीला नाव द्यावे काय, हा अभ्यासकापुढचा खरा पेच आहे.

कवच पुष्कळ सांगते, हे मान्य केले पाहिजे. उंची व रुंदी, वेढ्यांची संख्या, त्यांवरील उभ्या कण्या व आडव्या रेषा, मुखाचा आकार, मधल्या स्तंभावरील दाते या सर्वांची नोंद वर्णनात असते. ट्रायफोरिडी या कुलातील शंख बहुधा डावीकडे वळलेले असतात. (आपल्याकडे पूजेत ज्याला दक्षिणावर्ती शंख म्हणतात, तोही शास्त्राच्या भाषेत डावाच होय. तेथे जो दुर्मिळ अपवाद, तो या कुलात नियम आहे.) परंतु सर्वांत बोलका भाग म्हणजे शंखाच्या टोकावरील आद्यकवच. हे त्या प्राण्याच्या डिंभावस्थेतील कवच असून पुढचे वेढे त्याला जोडूनच वाढत जातात. आद्यकवचाचे वेढे अनेक व बारीक असतील, तर डिंभ दीर्घकाळ समुद्रात तरंगत, सूक्ष्म प्लवक खात वाढला असे समजावे. वेढे थोडे व फुगीर असतील, तर तो अंड्यातील बलकावर पोसला गेला. म्हणूनच प्रौढ कवचे अगदी सारखी, पण आद्यकवचे भिन्न असतील, तर त्या दोन जाती मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. 1965 पासून क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात उपलब्ध झाला आणि या टोकावरील नक्षी प्रथमच स्पष्टपणे पाहता येऊ लागली. अडचण एवढीच की लाटांनी घासलेल्या शंखाचे नेमके हेच टोक आधी झिजते.

आणि कवच फसवतेही. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरील लिटोरिना सॅक्साटिलिस ही गोगलगाय रंग, आकार आणि जाडी यांत इतकी बदलते की एकाच जातीला निरनिराळ्या काळी शंभराहून अधिक नावे मिळाली. तेथे प्राणी विपुल होते, तुलना शक्य होती. वाळूतून मिळालेल्या एकुलत्या एका शंखाच्या बाबतीत ती सोयही नसते.

म्हणून नावाइतकेच महत्त्व नमुन्याला आहे. 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीचा नामधारक नमुना स्पष्टपणे निश्चित करणे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक ठरवले आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अलेक्झांडर अबरक्रॉम्बी यांनी जमवलेल्या शंखांतील पंचवीस नव्या जातींची वर्णने जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी 1893 साली मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मेलव्हिल यांचा संग्रह पुढे टॉमलिन यांच्या संग्रहासह कार्डिफच्या संग्रहालयात गेला. आज मुंबईत सापडलेला एखादा बारीक शंख नवा आहे की त्या पंचवीसांतलाच, हे ठरवण्यासाठी केवळ जुने वर्णन व चित्र पुरे पडत नाही. मूळ नमुना शोधून त्याच्याशी ताडून पाहावे लागते.

तो नमुनाही टिकेलच असे नाही. ओकसारख्या लाकडाच्या कपाटातून आम्लाची वाफ निघते आणि कवचातील चुन्याशी तिचा संयोग होऊन शंखावर बुरशीसारखी पांढरी पूड चढते. मोठ्या शंखाची यात चकाकी जाते. दोन मिलिमीटरच्या शंखाची नक्षीच नाहीशी होते. नाव मात्र ग्रंथात तसेच राहते.

प्रामाणिक अभ्यासक अशा वर्णनात किती कवचे तपासली, ती किती ताजी होती आणि कोणत्या खोलीवर मिळाली, हे नोंदवतो. आतील शरीर व कानशीसारखी दंतपट्टी पाहायला मिळाली नसेल, तर त्या ठिकाणी तो 'प्राणी अज्ञात' एवढेच लिहितो.