लेकराचं अंथरूण कधी वेगळं करायचं?

या महिन्याच्या गट बैठकीसाठी आरोग्याचा पाठ



बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी झाल्या की दशसूत्रीतला आरोग्याचा विषय येतो. या वेळचा विषय तुमच्याच बैठकीतून आला आहे. पोहरादेवी भागातल्या एका तांड्यावर एका सासूबाईंनी विचारलं, "माझी लेक पुण्याला राहते. ती म्हणते, मोबाईलमध्ये सांगतात की चौथ्या महिन्यातच बाळाला त्याच्या खोलीत एकटं झोपवायचं. आपल्याकडं तर पाच वर्षांचं लेकरू मायच्या कुशीत झोपतं. खरं कोणाचं?" तेवढ्यात मागून एक सून हळूच बोलली, "आमच्या घरात खोलीच एक. वेगळं झोपवू म्हटलं तरी कुठं?"

दोघींचेही प्रश्न महत्त्वाचे आहेत. आपल्याकडं घरकुल म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसकट किमान २५ चौरस मीटर, साधारण २७० चौरस फूट. त्यात लेकराची वेगळी खोली निघत नाही. पण लेकराची वेगळी जागा मात्र नक्की निघते. खोली आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच या पाठात समजून घ्यायचं आहे.

पहिले सहा महिने: खोली एक, जागा वेगळी

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली आपला सल्ला पुन्हा तपासून सांगितला. बाळानं किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर झोपावं, पण त्याचं अंथरूण वेगळं असावं. म्हणजे जिथं घरात चार-चार खोल्या असतात, तिथले डॉक्टरही लहान बाळाला एकटं ठेवायला सांगत नाहीत. पुण्याच्या लेकीला हे नक्की कळवा.

याचं कारण काय? तान्ह्या बाळाला रात्री दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. जवळ असलं की त्याची चुळबुळ लगेच कळते, आणि पाजणं सोपं होतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कधी कधी धडधाकट दिसणारं बाळही झोपेतच दगावतं. असे मृत्यू बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात, आणि दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त. बाळ मोठ्या माणसांच्या खोलीत असलं आणि अंगावर पीत असलं, तर हा धोका कमी होतो.

म्हणजे "बाळ मायपासून दूर नको" हे आपल्या आज्यांचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त एकाच जाड गोधडीखाली आई, बाप आणि मध्ये बाळ, ही पद्धत बदलायला हवी.

बाळाची जागा कशी असावी?

उताणं झोपवा. बाळाला दर वेळी पाठीवरच झोपवायचं, दिवसा आणि रात्रीही. "ओकलं तर नाकात जाईल" अशी भीती सगळ्यांना वाटते. पण उताण्या बाळाची श्वासनळी अन्ननळीच्या वर असते, त्यामुळे दूध श्वासनळीत सहजी उतरत नाही. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग झोपवा. अमेरिकेत १९९४ पासून "बाळाला पाठीवर झोपवा" ही मोहीम चालवली, आणि काही वर्षांत तिथले असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. यासाठी घरात काहीही विकत आणावं लागत नाही.

अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. ढिली झालेली बाज मध्ये खोलगट होते. तिथं बाळ घरंगळतं आणि तोंड दाबलं जातं. सपाट तळाचा लाकडी पाळणा किंवा घट्ट भरलेली कापसाची लहान गादी चांगली.

उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात. पहिल्या वर्षी ती नकोच, आणि तोंडाजवळ जाड दुपटं, कापडाचे गठ्ठे, खेळणीही नकोत. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, आपल्या नजरेसमोर, दिवसातून काही वेळ पोटावर खेळवा.

गळ्यात काही नको. काळा दोरा, ताईत झोपताना गळ्यातून काढा. नजर लागू नये म्हणून बांधलेला दोरा गळ्याला आवळू शकतो.

साडीची झोळी दिवसा, नजरेसमोर. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. साडीला पीळ बसतो, मोठी भावंडं जोरात झोके देतात. थोडा वेळ शांत करायला झोळी ठीक आहे. पण बाळ झोपलं की उचलून सपाट जागेवर ठेवा. रात्रभर झोळी नको.

धूर नको. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. बाळ झोपतं त्या खोलीत बिडी-सिगारेटही नको. उन्हाळ्यात तर बाळाला टोपडं, कुंची आणि दुपट्यात गुंडाळून ठेवू नका. मानेला हात लावा. घाम असेल तर कपडे कमी करा.

मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा गादीखाली दाबलेल्या हव्यात. डास तर थांबतातच, पण आपल्याकडं मण्यार साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. नीट दाबलेल्या मच्छरदाणीत तो शिरू शकत नाही. बाळ चार-पाच महिन्यांनी कुशीवर वळायला लागतं. मग उंच दिवाणावरून पडण्याची भीती असते. तेव्हा दाबलेल्या मच्छरदाणीत खालची गादी बरी.

एकाच अंथरुणावर झोपावं लागत असेल तर?

अनेक घरांत दुसरा इलाज नसतो. मग निदान एवढं पाळा. बाळ आईच्या बाजूला असावं, आई-बापाच्या मध्ये नको, आणि भावंडांच्या शेजारीही नको. आईचं पांघरूण बाळाच्या अंगावर येऊ देऊ नका, बाळाला त्याचं हलकं पांघरूण छातीपर्यंतच द्या. भिंत आणि गादी यांच्यात फट ठेवू नका. दारू प्यालेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाच्या शेजारी बाळ कधीच झोपवू नका. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर झोपताना त्याची जागा वेगळीच हवी. अशा बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं फार चांगलं, पण तेव्हा आई जागी हवी.

ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या मैत्रिणींनो, कोपीतही हेच नियम. आणि एक जास्तीचा: गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या सावलीत बाळ कधीच झोपवू नका.

सहा महिन्यांनंतर काय बघायचं?

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं, तरी रात्रीचं पाजणं चालूच असतं. त्यामुळे घाई नको. वर्षाचं होईपर्यंत बाळ आईच्या खोलीतच असलं तर उत्तम. त्यापुढं "अमुक महिन्यात वेगळं करा" असा ठरलेला आकडा नाही. लेकराकडं बघून ठरवायचं:

– रात्री पाजावं लागत नाही, सलग झोपतं का?
– अंथरुणावरून स्वतः उतरता येतं का? हाक मारून बोलावता येतं का?
– ज्यांच्याकडं झोपवायचं, त्यांची त्याला सवय आहे का?
– त्याच्या जागेवरून त्याची हाक तुम्हाला ऐकू येते का?
– लेकरू सध्या आजारी तर नाही ना?

आपल्याकडं बहुतेक वेळा लेकरू तयार झालं म्हणून वेगळं होत नाही. दुसरं बाळ आलं म्हणून होतं. आई दवाखान्यातून नवं बाळ घेऊन येते, आणि त्याच रात्री दोन वर्षांच्या थोरल्याला आजीकडं झोपवतात. त्याला वाटतं, नव्या बाळानं आपली माय नेली. मग ते रडतं, चिडतं, कधी बाळाला चिमटे काढतं. म्हणून हा बदल बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधीच सुरू करा. आधी दुपारची झोप आजीजवळ, मग आठवड्यातून एक-दोन रात्री, मग रोज. मायच्या जुन्या साडीची गोधडी त्याला त्याची म्हणून द्या. रात्री उठून आलं तर हाकलू नका, थोपटून परत त्याच्या जागेवर न्या.

आणि ताईंनो, एक गोष्ट मोकळेपणानं बोलू. लेकरू एखाद्या माणसाजवळ झोपायला सतत नको म्हणत असेल, तर त्याला हट्टी ठरवू नका. त्याचं ऐका, कारण विचारा.

ठरवायचं कोणी?

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत घरोघरी पाहुणे येतात. जागा पुरत नाही, आणि सर्वांत आधी हलतं ते बाळंतिणीचं अंथरूण. कधी घरातल्या माणसाची झोप मोडते म्हणून बाळाला दुसरीकडं पाठवतात. रात्री चार वेळा उठणाऱ्या आईला मात्र कोणी विचारत नाही. बाळाच्या झोपेचा निर्णय आईला विचारूनच व्हावा. सासूबाईंचा अनुभव हवा आणि नवऱ्याचा हातभारही हवा. ढेकर काढणं, लंगोट बदलणं ही कामं बाप करू शकतो. दुपारी आजीनं दोन तास बाळ सांभाळलं तर आईची झोप होते. आईची झोप झाली नाही तर बाळाला जवळ घेऊन बसल्या-बसल्या डोळा लागतो, आणि तीच वेळ धोक्याची.

आशाताईला दाखवा

घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत घडली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना हे काम शिकवलं. त्याचे निकाल १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई हे काम करू लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी येतात. पुढं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येतात. दर भेटीत त्यांना बाळ झोपतं ती जागा दाखवा आणि "आता काय बदलू?" असं विचारा. बाळ पीत नसेल, छाती आत ओढत असेल, अंग फार गार किंवा गरम लागत असेल, झटके येत असतील, तर भेटीची वाट न बघता १०८ ला फोन करा.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या गटात वर्षाच्या आतलं बाळ कोणाकोणाच्या घरी आहे? ते आज रात्री कुठं झोपणार?
२. या पाठातली कोणती गोष्ट तुमच्या घरात आजच बदलता येईल? कोणती अवघड आहे, आणि कोणामुळं?
३. मच्छरदाणी किंवा लहान गादीसाठी पैसे नसतील, तर गटातून लहान कर्ज देता येईल का? जमत असेल तर ठराव लिहून घ्या.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं शेजारच्या एका बाळंतिणीकडं जाऊन यायचं, आणि बाळाचं अंथरूण तिच्यासोबत, तिला विचारून, नीट लावून द्यायचं. काय दिसलं ते सीआरपी ताईंकडं सांगा. मी पुढच्या फेरीत ऐकायला येतेच.

– तुमची क्षेत्र समन्वयक