गोळीचं नाव पाठ करा

‘पांढरी, बारीक, सकाळची.’ बीपीची कोणती गोळी चालू आहे असं विचारलं की कर्जत-खालापूरकडची बहुतेक माणसं हेच सांगतात. आरोग्य सेविका म्हणून वाड्या-पाड्यांवर फिरण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, आणि आता मी स्वतःही रोज गोळी घेते. ज्यांना नव्याने गोळी लागली आहे त्यांना पहिला कानमंत्र हाच देते, की गोळीचं नाव पाठ करा. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव मोठं असतं, त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. ते नातवंडांकडून वाचून घ्या. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल, क्लोरथॅलिडोन, असं काहीतरी निघेल. आपण सरसकट ‘गोळीचा त्रास’ म्हणतो, पण पायाची सूज एका गोळीची असते, खोकला दुसरीचा, पोटऱ्यांतले गोळे तिसरीचे. नाव सांगता आलं तर डॉक्टरांना लगेच उलगडा होतो आणि ते गोळी बदलतात किंवा मात्रा कमी करतात. नाव माहीत नसलं की माणूस आपल्या मनाने गोळी बंद करतो. बंद केल्यावर बरंही वाटतं, कारण वाढलेलं बीपी दुखत नाही. घात होतो तो तिथेच. अशी मनाने सोडलेली गोळी आणि पुढे लकव्याने अंथरुणाला खिळलेलं माणूस, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

सुरुवातीला बऱ्याच जणांना अम्लोडिपिन मिळते. औषध गुणाचं आहे, पण त्याने पाय सुजतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, पैंजणाचा वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबून उचलला तर खळगा राहतो. सकाळी उठावं तर पाय पुन्हा बरे. बायकांना हा त्रास जास्त, आणि पाचाऐवजी दहा मिलिग्रॅमची गोळी झाली की आणखी जास्त. या गोळीने रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या सैल होतात, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. वरच्या खाचरातून पाणी जोरात सुटावं आणि खाली जायची वाट अरुंदच राहावी, मग ते बांधातून झिरपत बसतं, तसंच हे. म्हणून पाणी पिणं कमी करून ही सूज उतरत नाही. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवीच्या गोळीनेही फारशी उतरत नाही. दुपारी आडवं होताना पाय उशीवर घ्या, चुलीपुढे किंवा दुकानात एका जागी फार वेळ उभं राहू नका, आणि डॉक्टरांना नुसतं ‘पाय सुजतात’ एवढं न सांगता ‘गोळी सुरू झाल्यापासून, दोन्ही पाय, संध्याकाळी’ असं सांगा. मात्रा कमी करून सोबत टेल्मिसार्टन दिली की पुष्कळांची सूज ओसरते. मात्र एकच पाय सुजला, लाल झाला, ठणकायला लागला, किंवा आडवं पडल्यावर दम लागला, तर ते गोळीवर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भोवळ कोणत्याही गोळीने येऊ शकते आणि आपल्याकडे तिचा हंगाम म्हणजे लावणी. हातात आवणाची मूठ, कंबरेत वाकून तास-तासभर काम, आणि कोणी हाक मारली की झटकन ताठ उभं राहायचं. गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्त त्या क्षणी डोक्याकडे पुरेसं पोचत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस चिखलात झोकांडतो. वाकलेलं उठताना आधी हात गुडघ्यावर टेका, मान खालीच ठेवून दोन श्वास घ्या, मग हळूहळू सरळ व्हा. पहाटे अंथरुणातून उठतानाही तसंच: आधी कुशीवर, मग बसून पावलं हलवायची, मग उभं राहायचं. रात्री लघवीला उठणाऱ्या म्हाताऱ्यांनी हा नियम कधीही मोडू नये. अशा वेळी पडून खुब्याचं हाड मोडू शकतं. भोवळ वारंवार येत असेल तर दवाखान्यात बसून एकदा आणि उभं राहून एकदा असं दोनदा बीपी मोजून मागा. वरचा आकडा उभं राहिल्यावर वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टर औषधाचा पुन्हा विचार करतात.

उभं राहताना कोसळण्याची ही गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका मोठ्या कामातही आली आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांना प्राझोसिन देऊन जीव वाचवले, आणि १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. प्राझोसिन मूळचं बीपीचं औषध. त्याच्या पहिल्या मात्रेनंतर माणूस एकदम उठला तर पडू शकतो, म्हणून रुग्णाला काही तास आडवंच ठेवायचं, हे त्या उपचारातच सांगितलेलं आहे. लघवी अडकते म्हणून वयस्क पुरुषांना याच जातीच्या गोळ्या देतात. त्यांची पहिली गोळी रात्री अंथरुणात बसून घ्यावी, आणि बीपीची गोळी चालू असल्याचं त्या डॉक्टरांनाही सांगावं.

आता खोकला. एनालाप्रिल, रामिप्रिल यांपैकी गोळी असेल तर काहींना कोरडा, घशात खवखवणारा ठसका लागतो. कफ नाही, ताप नाही, औषधांच्या बाटल्या संपतात आणि खोकला तिथेच. गोळी सुरू झाल्यावर महिन्याने-दोन महिन्यांनीही तो लागू शकतो, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात उपाय ठरलेला असतो, ज्येष्ठमधाची कांडी चघळायची किंवा काढ्यात टाकायची. इथे मी हात जोडून सांगते, बीपी असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये. ते अंगातलं मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी वाढवतं. खोकला गोळीचा, त्यावर घेतलेला काढा बीपी वाढवणारा, आणि वाढलेल्या बीपीवर डॉक्टर तीच गोळी वाढवणार. गोळी बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन मिळाली की बहुतेकांचा खोकला काही आठवड्यांत थांबतो. याच एनालाप्रिलच्या जातीने क्वचित ओठ, जीभ, चेहरा सुजतो. तसं झालं तर वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा.

लघवीच्या गोळीचं दुखणं आमच्याकडे रेल्वेशी बांधलेलं आहे. कर्जत-खोपोलीहून पहाटेची लोकल पकडून दादर, मुंबईला जाणारी माणसं दोन-दोन तास गाडीत असतात, आणि लोकलमध्ये संडास नसतो. मग सकाळची गोळी चुकवली जाते, कामाच्या दिवसांत चुकतच राहते. असं चोरून चुकवण्यापेक्षा डॉक्टरांना आपली गाडी सांगा. गोळी कामावर पोचल्यावर घेता येते, सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला. संध्याकाळी उशिरा मात्र घेऊ नका, रात्रभर उठावं लागेल.

ही गोळी मीठ आणि पोटॅशियम बाहेर टाकते. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, घामाच्या धारा लागतात, त्यात ही गोळी, आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात, गळाठा येतो. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरलं तर ते असंबद्ध बोलायला लागतं आणि घरच्यांना वाटतं वय झालं. अशा वेळी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी मागून घ्या. मनाने मीठ वाढवू नका. पावसाळ्याच्या बेगमीचं सुकट, बोंबील, पापड, लोणचं यांतून तसंही भरपूर मीठ जातं. पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची गोळी, टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अंगात पाणी नसताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. संकष्टीला महडच्या वरदविनायकाला जाणाऱ्या माझ्या बहिणींनो, चंद्रोदयापर्यंतचा उपास जरूर करा, पण गोळी पाण्याबरोबर घ्या आणि दिवसभर पाणी पीत राहा. गोळीने उपास मोडत नाही.

लावणीनंतर मेडिकलवरून आणलेली अंगदुखीची गोळी हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी बीपी वाढतं, पाय सुजतात, आणि लघवीची गोळी व टेल्मिसार्टन सोबत असेल तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांनी नाडी मंदावते, चढ चढताना पाय ओढतात, हात गार पडतात. मधुमेह असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर या गोळीमुळे कळत नाही, घाम मात्र फुटतो, त्याकडे लक्ष ठेवा. ही गोळी एकाएकी कधीच सोडायची नाही.

पुरुषमंडळी एक त्रास तोंडातून काढत नाहीत, तो संसारातला. लघवीच्या आणि नाडी मंदावणाऱ्या काही गोळ्यांनी तो होतो, आणि कोणाला न सांगता गोळी बंद होते. बायकोने विषय काढावा, डॉक्टरांना सांगावं. यालाही दुसरी गोळी असते. मूल हवं असलेल्या किंवा दिवस गेलेल्या मुलींनी टेल्मिसार्टन-एनालाप्रिल चालू असल्याचं ताबडतोब सांगावं. गर्भाला त्या चालत नाहीत.

झाडपाल्याला अपाय नसतो, असं म्हणत सर्पगंधेची मुळी देणारे अजून भेटतात. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा बीपीवरचा गुण जगापुढे मांडला, त्यातूनच पुढे रेसर्पिन हे औषध वापरात आलं. त्याने नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काहींचं मन इतकं खचायचं की डॉक्टरांना ते बंद करावं लागायचं. मुळी उकळून प्यायली म्हणून हे टळत नाही, उलट किती पोटात गेलं तेही कळत नाही.

गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दवाखान्यात जाताना सगळी पाकिटं, चूर्णं, काढे पिशवीत घालून न्या. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला आणि खालापुरात चौकला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत.