हाताच्या टप्प्यातील शिकार : एकांतातील ईशभयाची परीक्षा

दिव्य कुरआनच्या सूरह अल-माइदामध्ये (आयत 94) अल्लाहने श्रद्धावंतांना एका परीक्षेची पूर्वसूचना दिली आहे. शिकार तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या अगदी टप्प्यात येईल आणि त्यातून हे उघड होईल की, अल्लाहला न पाहताही त्याचे भय कोण बाळगतो, असा त्या आयतीचा आशय आहे. प्रसंग इहरामचा आहे. इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील प्राण्यांची शिकार निषिद्ध असते. कित्येक भाष्यकारांनी या आयतीचा संबंध हुदैबियाच्या प्रवासाशी जोडला आहे.

वाचकहो, या परीक्षेचे स्वरूप लक्षात घ्या. शिकार दूर असताना संयम सोपा असतो. ती समोर येऊन उभी राहते, हात शस्त्रावर असतो आणि पाहणारा कोणी नसतो, तेव्हाच मनुष्याची खरी पारख होते. इहराम संपल्यावर शिकार पुन्हा वैध होते. परंतु ही पारख संपत नाही. शिकारीच्या प्रत्येक टप्प्यावर शरीअतने मर्यादा घातल्या आहेत. या पाठात आपण त्या मर्यादा एका दूरच्या प्रदेशातील उदाहरणावरून समजून घेऊ.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील तरुणांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहू शकतो. तिथे सार्वजनिक जमिनीवर, वाटाड्या न घेता, स्वतःच्या हिमतीवर धनुष्यबाणाने प्राँगहॉर्नची शिकार करण्याची प्रथा आहे. असे मांस हलाल ठरते काय? ठरत असेल, तर कोणत्या अटींवर?

प्राणी आणि प्रदेश

प्राँगहॉर्नला तिथे लोक हरीण म्हणत असले तरी तो खरा कुरंग नव्हे. त्याच्या कुळातील हा एकच प्राणी आज पृथ्वीवर उरला आहे आणि त्याचे जवळचे जिवंत नातलग म्हणजे जिराफ व ओकापी. दुभंगलेल्या खुरांचा, रवंथ करणारा आणि गवत-झुडपांवर जगणारा हा प्राणी हलाल असण्याविषयी शंका राहत नाही. तो ताशी सुमारे 88 किलोमीटर वेगाने धावू शकतो. त्याचे डोळे मोठे असून उघड्या माळावर फार दूरची हालचाल त्याला दिसते. एवढा चपळ असूनही कुंपणावरून उडी मारण्याऐवजी तो बहुधा त्याच्या खालून सरपटत जातो.

एके काळी या प्राण्यांची संख्या कोट्यवधी होती. बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी ते काही हजारांवर आले. पुढे कायदे झाले, शिकारीवर निर्बंध आले आणि संख्या पुन्हा लाखांत गेली. आज वायोमिंग राज्यात ते सर्वाधिक आढळतात. 1937 च्या एका कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरील विशेष कराचा पैसा वन्यजीवांच्या जतनासाठी राखून ठेवला. 1970 च्या दशकात धनुष्यबाणाच्या सामानावरही असा कर बसला. सूरह अल-अनआममध्ये (आयत 38) पशुपक्ष्यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटले आहे. जो समुदाय मनुष्याच्या हव्यासामुळे नष्ट होऊ घातला होता, तो मर्यादा पाळल्यामुळेच वाचला, ही बाब चिंतनीय आहे.

बाण सोडण्यापूर्वी

पहिली मर्यादा परवान्याची. कोणत्या विभागात किती प्राणी मारता येतील, हे राज्याचे खाते ठरवते आणि परवाने सोडतीने मिळतात. 2022-23 च्या कडक हिवाळ्यात वायोमिंगमध्ये हे प्राणी मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर परवान्यांची संख्या कमी करण्यात आली. धनुष्यबाणाचा हंगाम तिथे सामान्यतः ऑगस्टच्या मध्यास सुरू होतो. मुस्लिम ज्या देशात राहतो, त्या देशाशी केलेला करार पाळणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सूरह अल-माइदाचा आरंभच करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो आणि शिकारीचा उल्लेख त्याच आयतीत येतो.

दुसरी मर्यादा जमिनीची. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे देण्यात आले. त्यामुळे तेथील नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो : एक घर सार्वजनिक, तर शेजारचे खासगी. 2021 मध्ये वायोमिंगमध्ये काही शिकारी दोन सार्वजनिक तुकड्यांच्या सामायिक कोपऱ्यावरून, खासगी जमिनीला पाय न लावता, पलीकडे गेले. त्यासाठी त्यांनी शिडी वापरली. त्यांच्यावर खटला झाला, 2022 मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले आणि 2025 मध्ये संघीय अपील न्यायालयानेही जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यात त्यांच्या बाजूने निर्णय दिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावण्याविषयी जो कठोर इशारा दिला आहे, तो ध्यानात असेल तर अशी काळजी आपल्याला अतिरेकी वाटणार नाही. कळप कुंपणाखालून सरपटत खासगी जमिनीत गेला, तर शिकाऱ्याचे पाऊल तिथेच थांबले पाहिजे.

तिसरी मर्यादा अंतराची. आधुनिक धनुष्यातून सुटलेल्या बाणालाही 50 मीटर कापायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. प्रत्यंचेचा आवाज त्याआधी प्राण्याच्या कानी पोहोचतो आणि तो दचकून हलतो. मग फुप्फुसाचा नेम पोटावर किंवा मांडीवर लागतो आणि जखमी जीव माळावर तडफडत मरतो. हत्या करावी लागली तरी ती उत्तम रीतीने करावी, पाते धारदार करावे आणि प्राण्याला सुटका द्यावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितली आहे. म्हणून आपला नेम जिथवर निश्चित लागतो तेवढेच आपले अंतर, त्यापलीकडचा बाण भात्यातच राहावा. तीरंदाजीच्या सरावाला प्रेषितांनी (स.) प्रोत्साहन दिले, परंतु जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनविण्यास सक्त मनाई केली. सराव निर्जीव लक्ष्यावर करावा आणि शिकार खाण्यासाठी करावी, हा भेद विसरता कामा नये.

बाण सुटताना

बाण सोडतानाच अल्लाहचे नाव घ्यावे. हजरत अबू सअलबा खुशनी (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की, धनुष्याने केलेल्या ज्या शिकारीवर अल्लाहचे नाव घेतले असेल, ती खावी. हनफी मतानुसार हेतुपुरस्सर नाव टाळल्यास शिकार हलाल राहत नाही. विसर पडल्यास राहते. शाफई मतानुसार नाव घेणे सुन्नत आहे. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई, तर उर्वरित महाराष्ट्रातील बहुतांश हनफी आहेत. म्हणून एकाच तंबूत दोन्ही मतांचे मित्र असू शकतात. दोघांनीही बिस्मिल्लाह मोठ्याने म्हणण्याची सवय लावली, तर वादाला जागाच उरत नाही.

हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी शिकारीविषयी प्रेषितांना (स.) अनेक प्रश्न विचारले. त्यांतून हा नियम मिळतो की, शस्त्राच्या टोकाने भेदलेली शिकार खावी; आडव्या माराने मेलेली खाऊ नये, कारण ती आघाताने मेलेल्या जनावरासारखी आहे. धारदार पात्याचा बाण ही अट पूर्ण करतो. बोथट टोकाचा करीत नाही.

बाण लागल्यावर

आता सर्वांत नाजूक टप्पा येतो. प्राणी जिवंत सापडला आणि त्याला जबह करणे शक्य असेल, तर जबह करणे आवश्यक आहे. बाणाच्या भरवशावर त्याला मरू देणे चालणार नाही. म्हणून धारदार सुरी सोबत असलीच पाहिजे.

ऑगस्टच्या उन्हात प्राँगहॉर्न पाणवठ्यावर येतात आणि धनुर्धारी बहुधा तिथेच आडोशाला तासन् तास बसतो. बाण लागलेला प्राणी पाण्यात कोसळला आणि तिथेच मेला तर? हजरत अदी (रजि.) यांना मिळालेले मार्गदर्शन स्पष्ट आहे : पाण्यात पडलेली शिकार खाऊ नये, बाणाने मारले की पाण्याने, हे तुम्हाला ठाऊक नाही. दिवसभराची तपश्चर्या एका शंकेमुळे सोडावी लागते. प्राणी पाणी पिऊन काठापासून दूर होईपर्यंत जो थांबतो, तो स्वतःला या शंकेपासून वाचवतो.

प्राणी जखमी होऊन दिसेनासा झाला, तर त्याचा माग काढावा. एक-दोन दिवसांनी तो मृत सापडला आणि त्याच्यावर केवळ आपल्याच बाणाची खूण असेल, तर तो खाण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. मात्र मांस सडलेले नसावे. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात आणखी एक अट आहे : शिकाऱ्याने शोध सोडून बसता कामा नये. शाफई विद्वानांत या बाबतीत मतभेद आहेत. येथे आजच्या प्रथेचा प्रश्न उद्भवतो. बाण लागल्यानंतर अर्धा तास थांबावे, म्हणजे प्राणी न बिथरता जवळच पडून राहतो, असे अनुभवी धनुर्धारी सांगतात. माग काढण्यासाठी सावधपणे, नजर न काढता थांबणे हा शोधाचाच भाग मानता येईल; तंबूत जाऊन झोपणे हा शोध नव्हे. प्रत्यक्ष प्रसंगी शंका असल्यास आपल्या मसलकच्या आलिमना विचारावे. शंका उरलीच, तर मांस सोडून द्यावे.

आपला बाण लागलाच नसेल, असे म्हणून दुसऱ्या कळपाकडे वळणे हा मोह मोठा असतो. माळावर कोणी साक्षीदार नसतो. रक्ताचा एक थेंब शोधण्यासाठी गुडघ्यांवर बसून तासभर गवत चाळणारा मनुष्य मात्र त्या आयतीतील परीक्षेला सामोरा जात असतो.

मांस ही अमानत

खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे वायोमिंगच्या कायद्याने गुन्हा आहे. शरीअतच्या दृष्टीने तो अपव्यय आहे. उन्हाळ्यात मांस लवकर नासते. कातडे ताबडतोब काढून मांस सावलीत आणि बर्फात ठेवण्याची तयारी शिकारीला निघण्यापूर्वीच करावी. केवळ शिंगे भिंतीवर लावण्यासाठी जीव घेणे मोमिनला शोभत नाही. शिकारीच्या मागे लागणारा गाफील होतो, असा इशाराही हदीसमध्ये आहे; म्हणून नमाजची वेळ चुकवून मिळवलेल्या शिकारीचा अभिमान बाळगू नये.

भारतातील वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. आपल्या माळरानावर त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे आणि या पाठातील कोणतीही परवानगी तिथे लागू होत नाही. आपल्यासाठी संयमाचे स्वरूप वेगळे आहे : नजर भरून पाहावे आणि त्यांना निर्धास्त चरू द्यावे.

मुलांसमवेत चर्चेसाठी

1. शिकार दूर असण्यापेक्षा हाताच्या टप्प्यात असणे ही मोठी परीक्षा का आहे?
2. पाण्यात पडलेली शिकार का सोडावी? शंकास्पद गोष्टींविषयी यातून कोणता नियम मिळतो?
3. तुमच्या रोजच्या जीवनात ‘कोणी पाहत नाही’ असे प्रसंग कोणते? तिथे तुमचा बाण भात्यात राहतो काय?

अल्लाह आपणा सर्वांना एकांतातही त्याचे भय बाळगण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली उपजीविका हलाल व पवित्र ठेवो. आमीन.