मुलांच्या डोळ्यांचा नंबर व चष्म्याची निवड

शाळेतून चिठ्ठी येते, "मुलाला फळ्यावरचे दिसत नाही." घरात प्रथम चिंता पसरते, मग उपदेश सुरू होतात. कोणी म्हणते, चष्म्याने नंबर वाढतो. कोणी म्हणते, गाजरे खाऊ घाला. आणि मुलगी असेल तर "पुढे लग्न कसे जमायचे?" या एका प्रश्नापायी चष्मा कपाटात जातो. अशा समजुतींची किंमत त्या मुलांनाच मोजावी लागते. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार करू.

जन्मतः डोळ्याच्या गोलाची लांबी सुमारे १७ मि.मी. असते, मोठेपणी ती २४ मि.मी.च्या आसपास स्थिरावते. प्रमाणाबाहेर वाढली की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते व दूरचे अंधुक दिसते. हीच ऱ्हस्वदृष्टी. एक मि.मी. जादा लांबी म्हणजे नंबरात अडीच ते तीनची भर. लांबलेला डोळा चष्म्याने पुन्हा आखूड होत नाही. आणि फार ताणलेले दृष्टिपटल पुढे सुटण्याचा धोका असतो. म्हणून नंबर वाढण्याचा वेग कमी करणे हेच खरे काम.

पहिला उपाय बिनपैशाचा: उघडे आकाश. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी शेकडा ३० मुलांना ही व्याधी जडली. इतर मुलांत हे प्रमाण शेकडा ३९ हून अधिक होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रोज दोन तास बाहेर खेळणे उत्तम. चष्मा लागण्यापूर्वी त्याचा लाभ विशेष.

दुसरी गोष्ट, लागलेला चष्मा पूर्ण नंबराचा असावा व नियमित वापरावा. मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढल्याचे मलेशियातील २००२ सालच्या अभ्यासात दिसले.

तिसरा उपाय विशेष भिंगांचा. साध्या भिंगाने दिसते स्वच्छ, पण डोळ्याची लांबी वाढायची थांबत नाही. हाँगकाँग येथे सिद्ध झालेल्या एका भिंगात मध्यभाग नेहमीच्या नंबराचा असून त्याभोवती सुमारे ४०० सूक्ष्म भिंगे बसवलेली असतात. ती काही प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडे केंद्रित करतात व त्यामुळे डोळ्याची वाढ मंदावते. ८ ते १३ वर्षांच्या मुलांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात नंबरवाढ साध्या भिंगांच्या निम्म्याहून कमी झाली. डोळ्यात बसवायची भिंगे आणि अट्रोपिनचे अतिसौम्य थेंब हेही मार्ग आहेत. मात्र ते नेत्रवैद्यांच्या देखरेखीखालीच.

निवड करताना पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. या भिंगाची लहान मुलांवर रीतसर चाचणी झाली आहे काय? मूल ते दिवसभर वापरील काय? दर सहा महिन्यांनी नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजली जाईल काय? निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी नंबर थांबतो असा पुरावा नाही. केवळ त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

विशेष भिंगे साध्यांहून बरीच महाग असतात. ती परवडली नाहीत तरी खंत नको. पूर्ण नंबराचा साधा चष्मा आणि रोजचे मैदान एवढे तरी प्रत्येक घराला साधता येईल. कपाटातला तो चष्मा मात्र आजच बाहेर काढा. मुलीला प्रथम फळा दिसू द्या.