दोन कॅलिब्रेटरांच्या मधली जागा

नारायणगावजवळच्या खोडदला कधी पाऊलही न ठेवता आज शारजात किंवा दुबईत बसून जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीची, म्हणजे जीएमआरटीची, जुनी निरीक्षणे ऑनलाइन संग्रहातून उतरवून घेता येतात. इथल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. पण इतक्या लांबून त्या रात्री वीज गेली होती का, कुठली अँटेना कुरकुरत होती, यातले काही कळत नाही. हाती येतात ते गेनचे आलेख. आलेख वेडावाकडा दिसला की तो गुळगुळीत करावासा वाटतो आणि नेमके इथेच सावध राहायला हवे. स्मूदिंग किती वेळाचे करायचे हे आलेखाच्या देखणेपणावरून ठरत नाही. काय बदलते आहे आणि किती वेगाने, यावरून ते ठरते.

जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येकीच्या गेनला दोन अंगे असतात. अ‍ॅम्प्लिट्यूड बरीचशी इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून असते आणि सहसा सावकाश सरकते. कमी फ्रिक्वेन्सीला फेज मात्र आयनोस्फिअरच्या ताब्यात असते. आयनोस्फिअरमुळे पडणारा फेजचा फरक फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने 1400 मेगाहर्ट्‌झपेक्षा 150 मेगाहर्ट्‌झला तो नऊपटीहून अधिक होतो. शिवाय खोडद पडते चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला, आयनोस्फिअर जिथे सर्वांत दाट होतो त्या पट्ट्याच्या अलीकडे. सूर्यास्तानंतर, विशेषतः विषुवदिनांच्या आसपास, तिथे फेज मिनिटामिनिटाला उसळू शकते. अशा रात्री अर्ध्या तासाने एकदा कॅलिब्रेटर, म्हणजे आधीच माहीत असलेला तेजस्वी स्रोत, पाहिला असेल, तर त्यावरून निघालेल्या गेनच्या दोन उत्तरांना जोडणारी सरळ रेषा हा निव्वळ अंदाज असतो. मधल्या वेळात फेजने एक पूर्ण फेरा मारला की दोन, हे कुठलेही सॉफ्टवेअर त्या दोन बिंदूंवरून सांगू शकत नाही. त्यात 170 आणि उणे 170 अंशांची साधी सरासरी शून्य येते, खरे उत्तर 180 असते! हा फेरा टाळायला सदिश सरासरी घेतली, तरी दुसरा खड्डा आहेच. एकाच उंचीच्या दोन गेनांमध्ये 120 अंशांचे अंतर असेल तर सरासरीची उंची निम्मी होते. डेटा या गेनने भागला जातो, म्हणून स्रोत उगाच तेजस्वी दिसू लागतो.

यावर म्हटले जाईल, की स्मूदिंगने गोंगाट कमी होतो. होतो, आणि जिथे उत्तरातला गोंगाट खऱ्या बदलापेक्षा मोठा आहे तिथे ते करावेच. फेजच्या उत्तरातली चूक, रेडियनमध्ये, साधारण सिग्नल-गोंगाट गुणोत्तराच्या व्यस्ताएवढी असते. गुणोत्तर 10 असेल तर सहा अंशांच्या आसपास. लागोपाठच्या उत्तरांत 40 अंशांचा फरक दिसत असेल, तर तो गोंगाट नव्हे, ते आकाश आहे. ते पुसून टाकण्याची किंमतही मोजता येते. फेज 30 अंशांनी विखुरलेली राहिली तर सुमारे 13 टक्के सिग्नल जातो, 60 अंशांनी राहिली तर 40 टक्क्यांहून जास्त.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उरलेले सगळे सेल्फ-कॅलिब्रेशन निस्तरेल. क्षेत्रात पुरेसा तेजस्वी स्रोत असेल तर फेजपुरते हे खरे आहे. अ‍ॅम्प्लिट्यूडचे माप मात्र शेवटी 3सी48, 3सी147, 3सी286 अशा प्रमाण स्रोतांवरूनच उचललेले असते. ते माप चुकले, तर सेल्फ-कॅलिब्रेशन चुकीच्याच मापावर सुबक चित्र काढून देते. जीएमआरटीच्याच 150 मेगाहर्ट्‌झच्या टीजीएसएस सर्वेक्षणाची 2017 ची आवृत्ती पाहा. सहा लाखांहून अधिक स्रोतांची ही यादी आजही फार उपयोगी आहे. तिच्यात निरीक्षणसत्रातल्या प्रमाण कॅलिब्रेटरवरून मिळालेला गेन त्या सत्रातल्या लक्ष्यांना लावला होता. म्हणजे गेन मध्ये बदलला नाही असे धरणे, हे सर्वांत साधे इंटरपोलेशन. पुढे इतर सर्वेक्षणांशी ताडताना आकाशाच्या भागाभागाने तेजस्वितेचे माप डळमळलेले आढळले, आणि विश्वरचनेचा अभ्यास करणाऱ्यांना मोठ्या कोनांवर जादा चढउतार दिसला, तो बहुधा मापातल्या याच चुकांचा. चित्रे मात्र एकेकटी पाहिली तर चांगलीच होती.

म्हणून आधी बिघडलेली उत्तरे फ्लॅग करावीत, स्मूदिंग नंतर. उलट केले तर एका अँटेनाचा दहा सेकंदांचा बिघाड शेजारच्या दहा मिनिटांत मिसळतो. त्या वेळी सरासरीपेक्षा मध्यक बरा, पण तोही रामबाण नव्हे. फेजची आणि अ‍ॅम्प्लिट्यूडची टेबले वेगळी ठेवावीत: अ‍ॅम्प्लिट्यूड लांब वेळावर गुळगुळीत केली तरी चालते, फेजला हात लावताना अधिक विचार करावा. गेन एकदम पायरीसारखा उडाला असेल, तर त्या पायरीच्या आरपार रेषा ओढू नये. टेबलाचे दोन तुकडे करून प्रत्येक आपापल्या वेळेला लावावा. पहिल्या कॅलिब्रेटरच्या आधीचा आणि शेवटच्यानंतरचा डेटा तर इंटरपोलेशनच्या कक्षेतच येत नाही. तिथे सॉफ्टवेअर सहसा शेवटचे उत्तरच पुढे ओढते, आणि आलेखावर ती आडवी रेघ सर्वांत स्थिर दिसते.